आधी धान्याची कोठी, मग दस्ता

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)

अध्यक्षीणबाई, कार्यकारिणीतील भगिनी, आणि अंबरनाथ, बदलापूर व उल्हासनगर येथून घरची कामे आटोपून वेळेवर आलेल्या माझ्या मैत्रिणींनो,

आपल्या चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो असा : ‘स्वातंत्र्यलढा आणि समाजवादी पुढारी’. विषय ऐकून मी म्हटले, बाई, एवढा मोठा विषय आणि वेळ अर्ध्या तासाचा. शिवाय नंतर हळदीकुंकू आहे, म्हणजे माझ्याकडे कमी आणि वाटाण्याच्या उसळीकडे जास्त लक्ष राहणार! तेव्हा मी माझ्यापुरती एक सोय करून घेतली आहे. दिल्ली-पाटण्याच्या मोठ्या नावांवरून झटकन पुढे जायचे आणि मुक्काम करायचा तो आपल्याच डोंगरात. बदलापुरातल्या एखाद्या उंच गच्चीवर पावसाळा सरल्यानंतर सकाळी उभे राहिले, तर एका अंगाला चंदेरी आणि माथेरानची रांग दिसते; दुसऱ्या अंगाला, दूर मुरबाडच्या बाजूला, सह्याद्रीची निळी भिंत दिसते. त्या भिंतीत सिद्धगड आहे. माथेरानला जन्मलेला आणि सिद्धगडावर पडलेला एक माणूस, विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, ज्यांना सारा मुलूख ‘भाई कोतवाल’ म्हणतो, त्यांच्याविषयी मी आज बोलणार आहे. त्यांचा जन्म आणि मरण ह्या दोन डोंगरांच्या मध्ये आपण राहतो, आणि आपल्यापैकी कितीतरी जणींना त्यांचे नाव केवळ एखाद्या चौकाच्या पाटीवरून माहीत आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी सांगते. १९३२-३३ साली कायदेभंगात पकडलेले बरेच तरुण नाशिकच्या तुरुंगात एकत्र आले. त्यांत जयप्रकाश नारायण होते, अच्युतराव पटवर्धन होते, मिनू मसानी, अशोक मेहता होते, आपले एस. एम. जोशी आणि नानासाहेब गोरे होते. तुरुंगात वेळ भरपूर असतो. हे तरुण वाचीत, वाद घालीत. त्यांच्यापुढे प्रश्न असा होता की, इंग्रज गेला आणि सावकार, जमीनदार, गिरणीमालक जिथल्या तिथे राहिले, तर खेड्यातल्या माणसाच्या ताटात काय फरक पडणार? ह्या विचारातून १९३४ च्या मे महिन्यात पाटण्याला, आचार्य नरेंद्र देव ह्यांच्या अध्यक्षतेखाली, काँग्रेसच्याच अंतर्गत एक समाजवादी पक्ष उभा राहिला. आपल्याला विशेष वाटावे अशी गोष्ट म्हणजे, कमलादेवी चट्टोपाध्याय ह्यांच्यासारखी स्त्री त्या पक्षाच्या पहिल्या फळीत होती.

आता १९४२ कडे येऊ. ८ ऑगस्टला मुंबईच्या गोवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव झाला आणि ९ तारखेची पहाट होण्यापूर्वीच गांधीजींसकट सारे वडीलधारे पुढारी पकडले गेले. घरातली कर्ती माणसे एका रात्रीत उचलून नेली तर मागे राहिलेल्यांनी काय करावे? रडत बसावे, किंवा पदर खोचावा. अरुणा असफ अली ह्यांनी त्याच सकाळी गोवालिया टँकवर झेंडा फडकावला आणि नंतर त्या भूमिगत झाल्या. अच्युतराव पटवर्धन, राममनोहर लोहिया, सुचेता कृपलानी ह्यांनी भूमिगत चळवळीची सूत्रे हाती घेतली. एस. एम. जोशी दाढी वाढवून ‘इमाम अली’ झाले आणि पोलिसांच्या डोळ्यांदेखत हिंडत राहिले. साने गुरुजींसारखा कोवळ्या मनाचा माणूसही भूमिगतांमध्ये सामील झाला. उषा मेहता ही बावीस वर्षांची मुलगी. तिने आणि तिच्या साथीदारांनी २७ ऑगस्टपासून मुंबईत गुप्त रेडिओ चालवला. जागा बदलत, यंत्र हलवीत तो आवाज १२ नोव्हेंबरला पकडले जाईपर्यंत चालू होता. अच्युतराव तर सरकारच्या हाती शेवटपर्यंत लागलेच नाहीत. १९४६ साली वॉरंट मागे घेतले गेले तेव्हाच ते उघडपणे बाहेर आले.

मैत्रिणींनो, ही नावे आपण शाळेत पाठ केली. पण मुंबईत बसून आखलेली चळवळ खेड्यात कुणीतरी उचलल्याशिवाय चालत नाही. ठाणे आणि कुलाबा ह्या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर, कर्जत-मुरबाडच्या डोंगरात, ती उचलली भाई कोतवालांनी.

भाईंचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला, एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. त्या काळचे माथेरान म्हणजे साहेबांचे आणि मुंबईच्या शेठ लोकांचे उन्हाळी विसाव्याचे गाव. वर बंगले आणि जिमखाने. खाली ओझी वाहणारे हमाल, रिक्षा ओढणारे, घोडेवाले. त्या रिक्षाला माणूस बैलाच्या जागी जुंपलेला असे. भाईंनी हे बालपणापासून पाहिले. परिस्थिती हलाखीची, तरी मुलगा हुशार. शिकला, आणि शिकत शिकत वकील झाला. नाभिकाचा मुलगा वकील होणे ही त्या वेळी केवढी मोठी गोष्ट! कुणीही म्हटले असते, आता पुण्या-मुंबईत पाटी लावावी, चार पैसे मिळवावेत, घरच्यांचे पांग फेडावेत. भाई मात्र आपल्या डोंगराकडे परत आले. माथेरानच्या नगरपालिकेत ते निवडून गेले, उपाध्यक्ष झाले. ज्या गावात आपल्या वडिलांच्या पिढीने खाली मान घालून काम केले, त्याच गावाच्या कारभारात हा तरुण बसला आणि हमालांच्या, रिक्षावाल्यांच्या बाजूने बोलू लागला.

मी आजच्या भाषणाला ‘आधी धान्याची कोठी’ असे नाव दिले आहे, त्याचे कारण आता सांगते.

माथेरानच्या पायथ्याशी आणि पलीकडे कर्जत, मुरबाडच्या खोऱ्यांत ठाकूर, कातकरी, आगरी, कुणबी अशी वस्ती. भात, नाचणी, वरी ही पिके. आपल्यातल्या ज्या जणींचे माहेर त्या बाजूला आहे त्यांना ठाऊक आहे की, आषाढ-श्रावण हे तिथले खरे कठीण महिने. बाहेर हिरवेगार दिसते, आणि घरातली कणगी रिकामी झालेली असते. लावणीला कंबर मोडेपर्यंत वाकायचे तर पोटात काही हवे. मग सावकाराच्या ओट्यावर जायचे. तो एक मण देई आणि पीक आल्यावर सवाईने, दिढीने वसूल करी. खळ्यावरूनच धान्य त्याच्या घरी जाई, आणि पुढल्या आषाढात पुन्हा तोच ओटा! त्यातच युद्ध आले. १९४२ साली जपानने ब्रह्मदेश घेतला, तिथला तांदूळ येणे बंद झाले, भाव भडकले. साठेबाजांची चैन झाली आणि गरिबाच्या चुलीतली राख गार पडली.

भाईंनी ह्यावर धान्याच्या कोठ्या काढल्या. अशी कोठी चालते ती अगदी साध्या हिशोबावर, आपल्या भिशीसारखीच. सुगीला प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे धान्य ठेवायचे, अडचणीच्या दिवसांत ज्याला लागेल त्याने न्यायचे, आणि पुढल्या सुगीला परत भरायचे. ह्यात सावकाराचे काम उरत नाही. पण भिशी काय किंवा कोठी काय, ती दोन गोष्टींवर उभी असते : हिशोब स्वच्छ हवा आणि हिशोब ठेवणाऱ्यावर विश्वास हवा. निरक्षर माणसाने आपल्या पोराबाळांच्या तोंडचे धान्य एका वकिलाच्या शब्दावर कोठीत ओतावे, हा त्या वकिलाच्या चारित्र्याला मिळालेला केवढा मोठा दाखला आहे! वकील म्हटला की ज्याच्या अंगावर काटा येतो, त्या माणसाचा हा विश्वास होता. त्याच्या जोडीला भाईंनी खेड्यापाड्यांतल्या मुलांसाठी स्वयंसेवी शाळा चालवल्या. पोराला अक्षर आले म्हणजे सावकाराच्या कागदावर अंगठा कशासाठी उठवतो आहोत हे निदान त्याला वाचता येईल, हा त्यामागचा विचार.

मी त्यांना समाजवादी म्हणते ते ह्या कामावरून. पक्षाच्या पावत्या आणि ठराव ह्यांचे मोल मी कमी करीत नाही. पण नाशिकच्या तुरुंगात जो प्रश्न ग्रंथ वाचून विचारला गेला, तोच प्रश्न माथेरानच्या ह्या तरुणाला हमालाचा खांदा आणि रिकामी कणगी पाहून पडला होता. उत्तरही त्याने स्वतःच्या गावापुरते, हाताशी होते त्यातून शोधले.

मग ऑगस्ट आला. भाई भूमिगत झाले. आडनाव कोतवाल आणि कोतवालाच्याच मागे पोलीस, असा तो उलटा न्याय! त्यांच्या भोवती जे तरुण जमले, त्यांचा ‘आझाद दस्ता’ झाला. कर्जत तालुक्यातल्या मानिवली गावचे गोमाजी पाटील आणि त्यांचा तरुण मुलगा हिराजी हे त्यांचे जवळचे साथीदार. शेतकरी आणि डोंगरातल्या वाटा तळहातासारख्या माहीत असलेले आदिवासी, अशी ही माणसे होती.

दस्त्याने जे काम अंगावर घेतले ते समजण्यासाठी विजेचा एक हिशोब ध्यानात घ्यावा लागतो. मुंबईच्या गिरण्या, लोकल गाड्या, कारखाने, बंदर, ह्यांतले बरेचसे त्या वेळी टाटांच्या जलविद्युत केंद्रांवर चालत असे. खोपोलीचे केंद्र १९१५ पासूनचे. त्यानंतर भिवपुरीचे झाले, मग भिऱ्याचे. सह्याद्रीच्या माथ्यावरचे पाणी मोठ्या नळांतून खाली सोडायचे, त्यावर यंत्रे फिरवायची आणि निर्माण झालेली वीज उंच लोखंडी मनोऱ्यांवरून मुंबईला न्यायची. युद्धाचे दिवस, मुंबईत जो माल निघे त्यातला मोठा भाग युद्धाच्या कामी जाई. साहेबाचे सारे बळ मुंबईत होते, पण त्या बळाची नाडी आपल्या रानावनांतून, भातखाचरांतून गेलेली होती. भाईंनी ती नाडी ओळखली. करवतीने मनोऱ्याचे पाय कापायचे; मनोरा कोसळला की तारा तुटतात आणि तिकडे मुंबईत यंत्रे थांबतात. रात्री, थंडीत, पहारा चुकवून, हाताने लोखंड कापणे म्हणजे काय ते विचार करून पाहा. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ ह्या काळात असे अकरा मनोरे दस्त्याने पाडल्याची नोंद सापडते. सरकार खवळले. भाईंना पकडून देणाऱ्यास बक्षीस जाहीर झाले, पोलिसांच्या तुकड्या गावोगाव फिरू लागल्या.

तरीही ऑगस्टपासून डिसेंबर अखेरपर्यंत भाई सापडले नाहीत. आता प्रश्न असा की, ते का सापडले नाहीत? डोंगर अवघड आहेत हे खरे. पण डोंगरात धान्य पिकत नाही. माणूस गुहेत लपला तरी त्याला दोन वेळा भाकरी लागते, पायात काटा मोडला तर तेल लागते, ताप आला तर काढा लागतो, आणि खाली पोलीस कुठवर आले ते सांगणारे कुणीतरी लागते. हे सारे गावातून येई. म्हणजे कुणाच्या तरी चुलीवर घरातल्या माणसांपेक्षा जास्त भाकऱ्या भाजल्या जात होत्या. बक्षिसाची रक्कम ऐकून, कर्जात बुडालेल्या गावांतल्या माणसांनी महिनोन्महिने तोंड मिटून ठेवले, कारण त्यांच्या दृष्टीने भाई हे केवळ सरकारचे गुन्हेगार नव्हते. ते कोठीवाले भाई होते. कणगी रिकामी असताना जो आपल्यासाठी उभा राहिला, त्याला उपाशी ठेवायचे कसे? कोठीत धान्याबरोबर जो विश्वास साठला होता, तो ह्या चार-पाच महिन्यांत उपयोगी पडला.

माझ्या सासूबाईंचे माहेर मुरबाडच्या बाजूचे. बेचाळीस साली त्या आठ वर्षांच्या होत्या. त्या सांगत की, त्या हिवाळ्यात त्यांची आई रात्री मुले निजल्यावर पुन्हा चूल पेटवी. पोर जागी झालीच तर ती एवढेच म्हणे, “नीज गं, देवाचं करतेय.” सकाळी पिठाचा डबा हलका झालेला असे आणि दारामागचे घोंगडे नाहीसे झालेले असे. ते घोंगडे म्हशाच्या जत्रेतून आणलेले, घरात एकच. थंडीत मुले एकमेकांना बिलगून निजत, पण घोंगड्याविषयी विचारायची सोय नव्हती. ती भाकरी दस्त्याच्या माणसांना गेली की दुसऱ्या कुणा भूमिगताला, हे त्या माउलीने स्वातंत्र्य मिळाल्यावरही कुणाला सांगितले नाही. सासूबाईंनी पुढे मोठेपणी खोदून विचारले, तर म्हणाली, “तेव्हा नाही सांगितलं, मग आता सांगून काय मोठी होणार आहे?” तिला सन्मानपत्र मिळाले नाही, आणि तिने ते मागितलेही नाही. अशा बायका किती असतील ह्याची मोजदाद कुठल्याही दप्तरात नाही. परंतु मनोरे पाडणाऱ्यांचा इतिहास सांगताना, त्या चुली वगळल्या तर हिशोब जुळत नाही, एवढे मात्र मला निश्चित वाटते.

अखेर दस्त्याचा ठावठिकाणा पोलिसांना कळला. २ जानेवारी १९४३. थंडीची पहाट. सिद्धगडाच्या रानात भाई आणि त्यांचे साथीदार मुक्कामाला होते. हॉल नावाच्या पोलीस अधिकाऱ्याच्या हाताखालील तुकडीने त्यांना वेढले आणि गोळीबार सुरू केला. हिराजी पाटील पडले. भाई जखमी झाले आणि नंतर गोळी घालून त्यांचाही शेवट करण्यात आला. भाई तीस वर्षांचे होते. गोमाजी पाटलांनी स्वतः लढ्यात उडी घेतली होती आणि मुलालाही दिले होते. त्या बापाच्या, आणि त्याच्या घरातल्या बायामाणसांच्या मनाचे काय झाले असेल हे मी माझ्या शब्दांनी सांगू इच्छीत नाही. आपण साऱ्या आया आहोत, बहिणी आहोत. आपल्याला ते समजते. दरवर्षी २ जानेवारीला लोक पहाटेच्या अंधारात सिद्धगडाच्या पायथ्याशी जमतात आणि ह्या दोघांना अभिवादन करतात.

आता मला उल्हासनगरच्या भगिनींकडे वळू द्या. सिद्धगडावर गोळ्या झाडल्या गेल्या त्यानंतर एकोणीसच दिवसांनी, २१ जानेवारी १९४३ रोजी, सिंधमध्ये सक्कर येथे हेमू कलाणी ह्या मुलाला फाशी दिले गेले. वीस वर्षे पुरी व्हायला त्याला दोन महिने कमी होते. गोऱ्या फौजेची गाडी जाणार होती म्हणून तो आणि त्याचे मित्र रेल्वेच्या रुळांचे जोड सैल करीत होते. मित्र निसटले, हेमू सापडला. मारहाण झाली, आमिषे झाली. त्याने साथीदारांची नावे सांगितली नाहीत. इकडे मनोरे, तिकडे रूळ. इकडे एक नाभिकाचा मुलगा, तिकडे एक सिंधी विद्यार्थी. दोघांची कधी भेट झाली नाही, दोघांना एकमेकांची भाषा आली नसती. पण फाळणीनंतर आपले घरदार सोडून सिंधी कुटुंबे इथे आली, युद्धकाळातल्या लष्करी छावणीच्या बराकींत त्यांनी संसार मांडले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते त्या छावणीचे ‘उल्हासनगर’ झाले. तारीख पाहा, ‘चले जाव’चा ठराव झाला त्याला त्या दिवशी बरोबर सात वर्षे झाली होती. निर्वासितांनी बरोबर आणलेल्या थोड्या सामानात हेमूचे नावही होते. म्हणून मला वाटते, जानेवारी महिना हा आपल्या ह्या तिन्ही गावांचा सामाईक स्मृतिमास आहे. बदलापूरच्या बाईने हेमूची गोष्ट आपल्या नातवंडांना सांगावी आणि उल्हासनगरच्या बाईने भाईंची. शेजारधर्म म्हणतात तो केवळ वाटीभर साखरेपुरता नसतो.

एक अवघड प्रश्न आहे. तो बाजूला ठेवून पुढे जाणे बरे नाही. हे सारे अहिंसेत बसते का? तारा तोडणे, मनोरे पाडणे, बंदूक जवळ बाळगणे, हे गांधीजींना मान्य होते का? स्पष्ट सांगायचे तर नव्हते. १९४४ साली सुटून आल्यावर त्यांनी गुप्ततेचा आणि मोडतोडीचा मार्ग आपला नव्हे असे सांगितले, भूमिगतांनी उघडपणे पुढे यावे असा सल्ला दिला. अरुणाबाईंच्या धैर्याचे मात्र त्यांना कौतुक होते. समाजवाद्यांचे म्हणणे असे की, सरकारने सारे उघडे मार्ग बंद केल्यावर जी वस्तू सरकारच्या जुलमाला बळ पुरवते ती निकामी करणे म्हणजे माणूस मारणे नव्हे. दोन्ही बाजूंना देशावर प्रेम करणारी माणसे होती. मला स्वतःला वाटते ते असे : परक्या राजवटीत, जिथे मत देऊन सरकार बदलता येत नव्हते, त्या वेळचे ते हत्यार होते. आज आपल्या हाती मत आहे, अर्ज आहे, मोर्चा आहे, न्यायालय आहे. कुणी उठून आपल्या रागासाठी एसटीच्या काचा फोडील आणि भाई कोतवालांचे नाव घेईल, तर त्याला आपण विचारावे की, बाबा रे, तुझी कोठी कुठे आहे? तू कुणाच्या कणगीची काळजी वाहिलीस? आधी ते दाखव.

स्वातंत्र्यानंतर समाजवाद्यांनी १९४८ साली काँग्रेस सोडली. ज्या नाशिकच्या तुरुंगात हा विचार रुजला त्याच नाशिकला तो निर्णय झाला. पुढे पक्ष जुळले, फुटले, पुन्हा जुळले, पुन्हा फुटले. त्याची कथा सांगू लागले तर हळदीकुंकू राहून जाईल! अच्युतराव राजकारणातूनच बाजूला झाले. एस. एम. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अग्रभागी राहिले. पण मला ह्या परंपरेतली एक बाई आपल्याला विशेष जवळची वाटते. मृणाल गोरे. राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारात वाढलेल्या ह्या बाईने गोरेगावात नळाच्या पाण्यासाठी भांडणे केली आणि लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ असे नाव दिले. १९७२ साली महागाईविरुद्ध बायकांचे लाटणे-मोर्चे निघाले, त्यांत मृणालताई होत्या, प्रमिला दंडवते होत्या, आणि कम्युनिस्ट पक्षाच्या अहिल्याताई रांगणेकर होत्या. धान्याची कोठी, पाण्याचा नळ, हातातले लाटणे; ही राजकारणाची साधने आहेत असे कुणाला वाटेल का? पण ह्याच गोष्टींवरून माणूस आपल्या बाजूचा आहे की नाही हे गरीब बाई ओळखते. भाईंना ओळखले तेही त्यांच्या कोठीवरूनच.

आपले मंडळ लहान आहे. आपण भिशी चालवतो, मुलींसाठी शिवणवर्ग घेतो, अडीअडचणीला एकमेकींच्या घरी धावतो. कुणी बाहेरचे हसून म्हणतात, ह्या बायका जमून काय करतात, तर चहा पितात. पिऊ द्या म्हणावे! ह्या चहाच्या निमित्ताने कुणाच्या घरी काय चालले आहे हे आपल्याला कळते, आणि कुणावर प्रसंग आला तर दार कोणते ठोठवायचे हे तिला ठाऊक असते. असा भरवसा एका दिवसात तयार होत नाही. तो रोजच्या व्यवहारात, पैशा-पैशाच्या चोख हिशोबात, दिलेल्या शब्दाला जागून साठवावा लागतो. संकट येते तेव्हा साठवायला वेळ नसतो. तेव्हा फक्त काढायचे असते.

म्हणून आजच्या दिवशी माझ्या दोन सूचना आहेत. पहिली, येत्या २ जानेवारीला मंडळातर्फे आपण सिद्धगडाच्या पायथ्याशी जाऊ या. ज्यांना चढवत नाही त्यांनी पायथ्याशी बसावे. मीही त्यांच्याजवळ बसेन. सुना-नातवंडांना बरोबर घ्यावे, आणि उल्हासनगरच्या भगिनींनी २१ तारखेला हेमूच्या स्मरणासाठी आम्हाला बोलवावे. दुसरी सूचना अशी : आपल्या भिशीच्या शिलकेतून दर वर्षी थोडी रक्कम बाजूला काढून, आषाढात डोंगराकडच्या एखाद्या पाड्यावरल्या शाळेतील मुलांना धान्य, वह्या, जे लागेल ते आपण स्वतः नेऊन द्यावे, आणि देताना फोटो काढू नये. देणाऱ्या बाईचे नाव घेणाऱ्या मुलाला कळले नाही तरी चालेल. त्या डोंगरातल्या बायकांनी रात्री भाकरी दिली तेव्हा कुठे नाव सांगितले होते?